शब्दविचार : क्रौर्यवाचक इंग्रजी शब्द

इंग्रजी निबंधाच्या तयारीकरिता मुले समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करीत असतात. अशा यादीत 'क्रूर' ह्या एका अर्थापुढे क्रुएल, ब्रूटल, सॅव्हेज, बार्बरस, रूथलेस असे पाच-सहा शब्द एका ओळीत मांडलेले आढळतात. यादी करणाराचा समज असा दिसतो की, हे शब्द म्हणजे एका साच्यातील विटा. कोणतीही उचलावी व कोठेही बसवावी. वस्तुतः कोणत्याही प्रौढ भाषेत दोन शब्द अगदी एका अर्थाचे क्वचितच असतात. अमरकोशात एका ओळीत बसलेले पर्यायसुद्धा कवी आणि शास्त्रकार निरनिराळ्या प्रसंगी योजितात. मग माणसाने माणसास दिलेल्या दुःखाचे वर्णन करण्याकरिता जे शब्द जन्मास आले, त्यांच्या बाबतीत हा विवेक अधिकच हवा. इतर ठिकाणी शब्द चुकला तर परीक्षेतील एखादा गुण जातो. येथे शब्द चुकला तर कोणावर तरी अन्याय होतो.

हा विषय ह्या महिन्यात घेण्यास आणखी एक कारण आहे. हे शब्द आता परीक्षेच्या वहीपुरते राहिलेले नाहीत. ते आपल्या माजघरापर्यंत आले आहेत. गणिताचा गृहपाठ 'टॉर्चर' होतो, वैशाखातील ऊन 'ब्रूटल' असते, क्रिकेटच्या सामन्यातील पराभवास 'मॅसॅकर' म्हणतात. मुलांच्या तोंडी हे शब्द ऐकून वडील मंडळी हसतात व सोडून देतात. परंतु त्याच घरात एखाद्या सुनेचे डोळे रोज सुजलेले दिसत असले, तर त्याकरिता मात्र 'थोडा ॲडजस्टमेंटचा प्रश्न आहे' असा सौम्य शब्द निघतो. क्षुल्लक गोष्टींना मोठे शब्द आणि मोठ्या दुःखांना लहान शब्द, अशी ही उलटी वाटणी आपल्या बोलण्यात झाली आहे. ती कशी झाली हे पाहण्यासाठी प्रथम ह्या शब्दांची कुळे तपासू.

'क्रुएल' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि फ्रेंचने तो लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये 'क्रुडुस' म्हणजे कच्चा, आणि त्याच कुळातील 'क्रुऑर' म्हणजे जखमेतून वाहणारे रक्त. संस्कृत जाणणारांस येथे ओळख पटल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे 'क्रविस्' अथवा 'क्रव्य' म्हणजे कच्चे मांस. ते खाणारा तो 'क्रव्याद', म्हणजे राक्षस अथवा हिंस्र श्वापद. आणि त्याच मुळाचा शब्द 'क्रूर'. इंग्रजांचा 'रॉ', म्हणजे कच्चा, हाही त्याच घराण्यातला. म्हणजे लंडनचा 'क्रुएल' आणि आपला 'क्रूर' हे लांब गेलेले चुलतभाऊ होत. आणि दोघांच्याही पोटात रक्ताने माखलेल्या कच्च्या मांसाचे एकच चित्र आहे.

'टॉर्चर' ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील पिळणे, मुरगाळणे हा अर्थ आहे. आपण 'पिळवणूक' म्हणतो तेव्हा तेच चित्र मराठीत उभे करितो. 'आउटरेज' हा शब्द पाहून पुष्कळांना, त्यात 'आउट' आणि 'रेज' म्हणजे बाहेर पडलेला राग आहे, असे वाटते. तसे नाही. फ्रेंचमधील 'ऊत्र', म्हणजे पलीकडे, ह्या शब्दापासून तो झाला आहे. मर्यादेच्या पलीकडे गेलेले वर्तन, हा त्याचा मूळ अर्थ. आपला 'अत्याचार' हा अगदी तसाच घडला आहे : अति अधिक आचार. 'ॲट्रॉसिटी' आणि 'अत्याचार' ह्यांचे मात्र कानाला जुळते तेवढेच. दोहोंचे नाते मुळीच नाही. 'ॲट्रॉसिटी'च्या मुळात काळेपणा व मुद्रा असे दोन अर्थ आहेत. ज्याकडे पाहताच भय वाटावे असे ते कृत्य.

'रूथलेस' हा शब्द मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. 'रूथ' म्हणजे दया, कणव. इंग्रजीत हा 'रूथ' शब्द नित्याच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला, 'रूथलेस' तेवढा उरला. दयेचे नाव विसरले गेले आणि तिच्या अभावाचे नाव चालू राहिले. आपल्याकडे दया आणि निर्दय हे दोन्ही शब्द सुखरूप आहेत. पण 'निर्घृण'ची गत पाहा. संस्कृतात 'घृणा' ह्याचा एक अर्थ करुणा. ज्यास करुणा नाही तो निर्घृण. पुढे घृणेचा अर्थ मराठीत किळस, तिटकारा असा झाला, आणि आता वर्तमानपत्रात 'निर्घृण खून' वाचणारास त्यातील करुणेचा मागमूसही लागत नाही.

आता यादीतील उरलेले तीन शब्द घेऊ : सॅव्हेज, बार्बरस आणि ब्रूटल. 'सॅव्हेज'च्या मुळाशी लॅटिनमधील 'सिल्वा', म्हणजे अरण्य आहे. अरण्यात राहतो तो सॅव्हेज. आपला 'रानटी' तोच. 'बार्बरस' हा ग्रीकांचा शब्द. ज्याची भाषा आपणांस कळत नाही, 'बर बर' असे काहीतरी ऐकू येते, तो परका माणूस. संस्कृतातील 'बर्बर' हा त्याचाच सोबती. 'ब्रूटल'च्या मुळाशी लॅटिनमधील 'ब्रुटुस', म्हणजे जड, मंद असा शब्द असून त्यावरून इंग्रजीत 'ब्रूट' म्हणजे मुके जनावर झाले. आपला 'पाशवी' त्याच विचारातून निघाला आहे.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. पहिल्या गटातील शब्द, म्हणजे क्रुएल, टॉर्चर, आउटरेज, कृत्याकडे पाहतात : रक्त निघाले, अंग पिळले, मर्यादा ओलांडली. दुसऱ्या गटातील शब्द कृत्याकडे पाहतच नाहीत. ते कर्त्याच्या कुळाकडे पाहतात : हा रानातला, हा परका, हा पशू. पहिल्यांस आपण कृतिवाचक म्हणू, दुसऱ्यांस कुलवाचक. अरण्यात राहणारे सर्व लोक क्रूर असतात काय? ज्याची भाषा आपणांस येत नाही तो निर्दय असतो काय? आणि पशूंचे म्हणाल, तर वाघ भुकेकरिता मारतो. पण समोरच्याचा अपमान व्हावा, त्यास आठवण राहावी म्हणून हळूहळू दुःख देण्याची कला मनुष्यावाचून अन्य प्राण्यास अवगत असल्याचे ऐकिवात नाही. तरी त्या कलेस आपण 'पाशवी' म्हणतो. कुलवाचक शब्दाचा हा धर्मच आहे की, तो दोष दूर ढकलतो. क्रूर तो, जो आपल्यातला नव्हे.

ह्याचे उदाहरण इंग्रजांनी आपल्याकडून नेलेल्या एका शब्दात मिळते. 'ठग' हा शब्द संस्कृत 'स्थग' म्हणजे झाकणे, लपविणे ह्यापासून आला असे मानतात; मराठीतील 'ठक' तोच. त्याचा साधा अर्थ फसविणारा. स्लीमनसाहेबांनी १८३० नंतरच्या दशकात वाटमारी करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम चालविली, १८३९ साली मेडोज टेलर ह्यांची 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी विलायतेत प्रसिद्ध झाली, आणि तेथून हा शब्द इंग्रजीत कायमचा नांदू लागला. वाटेवर गळे आवळणारे लोक होते, त्यांनी प्रवाशांचे जीव घेतले, ह्यात संशय नाही. परंतु पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुष्कळ भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. कृत्याचा शब्द कुळाचा शब्द झाला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसण्यास कायदा पुरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारिले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. त्या पाचांनी काय केले हे कोणी पाहिले नाही. ते कोण दिसतात एवढेच पाहिले. अशा हत्येकरिता इंग्रजीत 'लिंचिंग' हा शब्द आहे. तो अमेरिकेतील लिंच ह्या आडनावावरून पडला. आपल्या पत्रकारांनी त्यास 'झुंडबळी' हा प्रतिशब्द योजिला, तो मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. मारणारी झुंड आणि मेलेला बळी हे दोघेही त्या एका समासात हजर आहेत.

परंतु इंग्रजांस नावे ठेवून आपण मोकळे होऊ लागलो, तर तेही खरे नव्हे. 'बारगीर' हा मराठी फौजेतील अगदी साधा शब्द. स्वतःचा घोडा आणील तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. ह्या शब्दात मराठी कानास काहीही भयंकर वाटत नाही. पण १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर जाऊ लागल्या, आणि ती स्वारी-लूट १७५१ च्या तहापर्यंत चालली. त्या काळात बंगाली भाषेत ह्याच शब्दाचा 'बर्गी' झाला. गावे जाळणारा, धान्य लुटणारा, बायकामुलांवर हात टाकणारा, असा अर्थ त्यास तेथे चिकटला. गंगाराम नावाच्या कवीने त्या हकिकतीवर 'महाराष्ट्र पुराण' हे काव्य बंगालीत लिहिले. बंगालमधील आया आजही मुलांना निजविताना अंगाईगीतात बर्गींचे नाव घेतात. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला, त्याचे नावच 'मराठा डिच' पडले. आपल्या बखरींत जी मुलूखगिरी, ती त्यांच्या भाषेत संहार. मारणाराच्या भाषेत त्या कामाचे नाव हुद्द्याचे असते; सोसणाराच्या भाषेत तेच नाव भयाचे होते. कोणत्या कृत्यास क्रौर्य म्हणावे हे विचारावयाचे असेल, तर साक्ष सोसणाराची आधी घेतली पाहिजे.

आपल्या करवीरचाच एक प्रसंग पाहा. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीचे शिपाई उठले. त्यांच्या हातून इंग्रज अधिकारी मारले गेले. पुढे कर्नल जेकबसाहेब आले. पकडलेल्या शिपायांपैकी काहींस तोफेच्या तोंडी दिले, काहींस फाशी दिले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब ह्यांस कराचीस हद्दपार केले. त्यांचा अंत तेथेच झाला. त्या काळचे इंग्रजी लिखाण उघडले तर शिपायांनी केले ते 'मर्डर' आणि 'आउटरेज', आणि सरकारने केले ते 'एक्झिक्यूशन' व 'रिट्रिब्यूशन'. पहिले दोन शब्द ऐकून अंगावर काटा येतो, दुसरे दोन ऐकून कचेरीतील कागद आठवतात. आणि साऱ्या प्रकरणास 'म्यूटिनी' हे नाव. म्हणजे शिपायाने धन्याविरुद्ध केलेली अवज्ञा. सावरकरांनी १९०९ साली त्यास स्वातंत्र्यसमर म्हटले, ते ह्या एका शब्दाशी झगडण्याकरिताच होय. तोफेच्या तोंडी माणूस बांधणे हे कृत्य कोणत्याही नावाने तेच राहते. पण नाव बदलले की ऐकणाराची दया कोणाकडे वळावी हे बदलते.

आता जवळची, किंबहुना आपल्या वाचकांच्या घरातील गोष्ट. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या बाजूस ब्राह्मणांची घरे व दुकाने जाळण्यात आली. कोल्हापुरातील भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही तेव्हा आगीत सापडला. ज्या घरांनी ते सोसले त्यांच्या बोलण्यात ह्या साऱ्याचे नाव 'अठ्ठेचाळीसची जाळपोळ' एवढेच आहे. हा शब्द मी अनेक वृद्धांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्यातील संयमाचे मला नेहमी नवल वाटले आहे. जाळ आणि पोळ : कृत्याचेच नाव, कोणत्याही जातीचे नाही. परंतु एवढे आठवणारे आपणच, दुसऱ्याच्या दुःखाकरिता कोणता शब्द योजितो? अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा कायदा १९८९ साली झाला. तेव्हापासून 'ॲट्रॉसिटी' हा शब्द मराठीत रुळला. पण कोणत्या अर्थाने? 'त्याने ॲट्रॉसिटी लावली', 'ॲट्रॉसिटीत अडकविले'. म्हणजे ज्या शब्दाने पीडिताचे दुःख सांगावयाचे, तो आपल्या बोलण्यात पीडिताने उगारलेले हत्यार झाला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे मारिले गेले. ह्यास 'ॲट्रॉसिटी'च्या मूळ अर्थाने भीषण कृत्य म्हणावयाचे नाही, तर कशास म्हणावयाचे? आपल्या आजोबांच्या जळालेल्या वाड्याकरिता आपण जो नेमका शब्द जपून ठेविला, तितकाच नेमका शब्द दुसऱ्याच्या घराकरिता वापरणे हे सुशिक्षितपणाचे किमान लक्षण होय.

येथवर शब्द जड करण्याचा व फिरविण्याचा प्रकार पाहिला. शब्द हलका करण्याचाही एक प्रकार आहे, आणि त्यात आपण इंग्रजांसही मागे टाकिले आहे. 'रॅगिंग' ह्या शब्दास इंग्रजीत मुळात थट्टामस्करी, दांडगाई एवढाच अर्थ. वसतिगृहात नव्या मुलास रात्रभर उभे करणे, त्याची विटंबना करणे ह्यास आपण तो शब्द दिला, आणि मराठीतील 'छळ' हा शब्द बाजूस ठेविला. अखेर महाराष्ट्रास १९९९ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तीच गोष्ट 'ईव्ह टीझिंग'ची. हा शब्द इंग्रजांच्या देशात कोणास ठाऊक नाही. तो आपल्याच देशातील इंग्रजीत जन्मला. वाटेवर मुलीचा पाठलाग करणे, तिला भिवविणे ह्यास थट्टेचे नाव! आणि त्या 'ईव्ह'मध्ये, बायबलातील कथेप्रमाणे, भुलविणारी तीच, असे सुचविण्याचीही सोय आहे.

कायद्याच्या भाषांतरातही हे घडते. १८६० च्या दंडसंहितेत स्त्रीवर हात टाकण्याच्या अपराधाच्या कलमात 'आउटरेज' हे क्रियापद होते. आपण वर पाहिले की, हा शब्द करणाराच्या मर्यादाभंगाचा आहे. मराठीत त्यास 'विनयभंग' म्हणू लागले. समास सोडवून पाहा : विनयाचा भंग. कोणाच्या विनयाचा? तिच्या! मोडला तो दांडग्याचा आचार. पण शब्दात मोडलेले दिसते ते तिचे काहीतरी. 'अब्रू गेली' हा प्रयोग त्याच जातीचा. घेणारा कोण ते सांगावयाचे नाही, गेली एवढे सांगावयाचे. उलट 'बलात्कार' हा आपला जुना शब्द पाहा : बलात् केलेले, म्हणजे बळजबरीने केलेले. त्यात दोष सर्वस्वी करणाराचा आहे. इंग्रजीतील त्याच अर्थाचा शब्द मात्र लॅटिनमधील हिसकावून नेणे ह्या धातूपासून आला. म्हणजे स्त्री ही जणू एखादी वस्तू. ह्या एका बाबतीत संस्कृताने न्याय अधिक केला, असे म्हणावयास हरकत नाही. तात्पर्य, सर्व गुण एका भाषेत व सर्व दोष दुसरीत असे नसते. प्रत्येक शब्द सोडवून पाहावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे माजघराकडे येऊ. 'क्रूरपणा' हा शब्द घरातील वागणुकीस कायद्याने प्रथम कधी लागला, असे विचारिले तर बहुतेक सुशिक्षित १९८३ साल सांगतील. त्या वर्षी भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घातले गेले. परंतु आपल्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ सालीच स्त्रियांस क्रूरपणाने वागविण्यास बंदी करणारा कायदा केला होता. म्हणजे भारतीय दंडसंहितेस जो शब्द १९८३ मध्ये सापडला, तो कोल्हापूरच्या दरबारास ६४ वर्षे आधी सापडला होता. हा अभिमानाचा विषय खरा. पण कायदा करावा लागला ह्यावरून घराघरांत काय चालत होते, तेही उघड होते.

'छळ' हा शब्द संस्कृतात 'छल', म्हणजे कपट. मराठीत त्याचा अर्थ गांजणूक असा झाला, आणि ह्या बदलातही एक सत्य आहे : घरातील क्रौर्य बहुधा उघड्या मारहाणीने होत नाही, ते कपटाने, दुसऱ्यास दिसणार नाही अशा रीतीने होते. आणि 'सासुरवास'? समास साधा : सासरी वास, सासरी राहणे. ह्यात दुःखाचा एकही वर्ण नाही. तरी मराठीत ह्या शब्दाचा अर्थ जाच असा झाला! किती पिढ्यांच्या किती स्त्रियांनी सोसले असेल, तेव्हा केवळ 'राहणे' हा शब्द 'गांजले जाणे' ह्या अर्थाचा झाला असेल, ह्याचा विचार आपल्या एकत्र कुटुंबांनी करावा. ह्या शब्दास इंग्रजीत प्रतिशब्द नाही. म्हणूनच सुशिक्षित सुनेने इंग्रजीत बोलू पाहिले की तिला एकीकडे 'ॲडजस्टमेंट' आणि दुसरीकडे 'टॉर्चर' एवढे दोनच शब्द सापडतात. पहिला फार लहान, दुसरा घासून गुळगुळीत झालेला.

काही वर्षांपूर्वी परिचयातील एक मुलगी अर्जाचा मसुदा तपासून घेण्यास मजकडे आली. त्यात एकच मुख्य वाक्य होते : 'सासरचे लोक मला मेंटल आणि फिजिकल टॉर्चर करतात.' मी म्हटले, "बाळ, हा शब्द खोटा नसेल, पण त्यात काही दिसत नाही. काय काय झाले ते सांग." ती म्हणाली, "गुरुजी, ते कसं सांगायचं? लहान लहान गोष्टी आहेत." त्या लहान गोष्टी अशा निघाल्या : तापात असताना तीन दिवस वैद्याकडे नेले नाही, स्वयंपाकघरास रात्री कुलूप, माहेरी फोन करता येऊ नये म्हणून भ्रमणध्वनी काढून घेतला, मोटारसायकलीकरिता पैसे आण म्हणून श्रावणात पंधरा दिवस माहेरी धाडले. आम्ही हे सर्व महिना-तिथीवार, साध्या मराठीत लिहिले. 'टॉर्चर' हा शब्द काढून टाकिला. सासरच्या एका वृद्ध गृहस्थांनी पूर्वी तिची तक्रार 'हल्लीच्या मुलींचे इंग्रजी' म्हणून उडवून लाविली होती. त्यांनी हा कागद दोनदा वाचला आणि मग एवढेच म्हणाले, "हे आमच्या घरात झालं, आणि मी तिथंच बसलो होतो."

कायदाही ह्याहून निराळे मागत नाही. ४९८-अ मधील क्रूरतेची व्याख्या विशेषणांनी केलेली नव्हती. स्त्रीस आत्महत्येस प्रवृत्त करील, किंवा तिच्या जिवास, अवयवास अथवा शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर अपाय करील असे हेतुपूर्वक वर्तन. किंवा पैशाच्या अथवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीकरिता केलेला छळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ८५ व ८६ ह्या कलमांत हाच आशय आला आहे. ह्या कायद्याचा दुरुपयोग होतो अशी ओरड आहे, तिचाही विचार करावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या अर्णेशकुमार प्रकरणातील निकालात पोलिसांस बजाविले की, तक्रार येताच सरसकट अटक करू नये, आवश्यकता तपासून पाहावी. ह्यातून निघणारा बोध दोन्ही पक्षांस सारखाच आहे. मोठ्या विशेषणाआड खरे दुःख जसे झाकले जाते, तसा खोटा आरोपही लपतो. घडलेले कृत्य, त्याचा दिवस व त्याची जागा सांगितली की, खऱ्यास बळ येते आणि खोटे उघडे पडते.

तेव्हा इंग्रजी शब्द वापरू नयेत, असे माझे म्हणणे नाही. भाषेने शब्द घेतले म्हणून ती विटाळत नाही. 'जुलूम' हाही एके काळी परकाच होता. माझी विनंती इतकीच की, क्रौर्याचा कोणताही शब्द तोंडातून निघण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारावे. कृत्य काय घडले? ते कोणी केले? ते कोणास सोसावे लागले? ज्या शब्दात ह्या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही, तो आरोपाकरिता अथवा सारवासारवीकरिता आलेला आहे असे समजावे. मुलांनी गृहपाठास 'टॉर्चर' म्हटले तर त्यांस रागावू नये. जेवताना त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगावा, अंग पिळणे म्हणजे काय ते समजावून द्यावे. लहान मुलांस शब्दाचे वजन चटकन कळते, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

आणि आणखी एक काम वाचकांवर, विशेषतः वाचक भगिनींवर सोपवितो. आपल्या घरातील आजी, आत्या, मावशी ह्यांच्यापाशी जाच, काच, गांजणूक ह्या अर्थाचे कितीतरी जुने शब्द व म्हणी असतील. कोशात ते सर्व आले नाहीत, आणि त्या वृद्ध स्त्रियांबरोबर ते जातील. फावल्या दुपारी त्यांच्याजवळ बसून ते शब्द विचारून घ्यावे व लिहून ठेवावे. कोणता शब्द कोणत्या प्रसंगी वापरीत, हे विचारावयास मात्र विसरू नये. शब्दाबरोबर त्यांची एखादी हकिकत निघाली, तर लेखणी खाली ठेवून ती आधी ऐकून घ्यावी.